उत्तर चुकले, प्रश्न खरा होता

१८८९ सालच्या जून महिन्याची पहिली तारीख. पॅरिसमधल्या जीवशास्त्र मंडळाच्या सभेत बहात्तर वर्षांचा एक शास्त्रज्ञ बोलायला उभा राहिला. फ्रान्समधल्या वैद्यकाच्या सर्वोच्च आसनांपैकी एकावर बसलेला हा माणूस. समोर त्याचेच समवयस्क, पिकल्या केसांचे विद्वान. त्यांना त्याने शांतपणे सांगितले की, कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा रस काढून तो त्याने स्वतःच्या अंगात टोचून घेतला आहे आणि त्यामुळे गेलेली ताकद परत आली आहे. पूर्वी प्रयोगशाळेत अर्धा तास उभे राहिले तरी पाय गळून जात, आता तासन्‌तास उभे राहता येते, जिना चढता येतो, रात्री जेवणानंतर लिहायला बसता येते.

सभेत चुळबुळ झाली. वर्तमानपत्रांनी टर उडवली. अमेरिकेत कायाकल्पाच्या बाटल्या विकणाऱ्यांचे फावले. बिचाऱ्याला म्हातारचळ लागला, असे लोक उघड बोलू लागले. त्या माणसाचे नाव शार्ल एदुआर ब्राऊन-सेकार.

मी पेशाने डॉक्टर नाही. बँकेत आकडे तपासण्यात उमेद घालवली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण या माणसाने मला गेली कित्येक वर्षे धरून ठेवले आहे. एक तर त्याचे आयुष्यच कादंबरीला लाजवील असे. आणि दुसरे म्हणजे, ज्या प्रश्नाचा त्याने ध्यास घेतला तो आपल्या घराघरात, विशेषतः मुलीबाळींच्या आयुष्यात, आजही उभा आहे. मेंदू आणि स्त्री-पुरुषपणाच्या ग्रंथी यांचे एकमेकांशी काय नाते आहे, हा तो प्रश्न.

ऊसाच्या बेटावरचा मुलगा

ब्राऊन-सेकारचा जन्म ८ एप्रिल १८१७ रोजी मॉरिशसमध्ये, पोर्ट लुई बंदरात झाला. मॉरिशस म्हटले की आपल्या माणसाला थोडी जवळीक वाटतेच. १८३४ नंतर ऊसाच्या मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून जे मजूर तिथे नेले गेले, त्यांत आपल्या कोकणातलेही होते. त्यांची नातवंडे-पतवंडे आजही तिथे मराठी म्हणवून घेतात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

वडील एडवर्ड ब्राऊन हे अमेरिकन जहाजाचे कप्तान. मुलगा जन्मायच्या आधीच ते समुद्रात बेपत्ता झाले. आई शार्लट सेकार ही फ्रेंच कुळातली. तिने शिवणकाम आणि भरतकाम करून मुलाला वाढवले. मुलगाही पोरवयात दुकानात नोकरीला लागला. पुढे त्याने वडिलांच्या आडनावाला आईचे आडनाव जोडून घेतले आणि जगाने त्याला त्याच जोडनावाने ओळखले. ज्या बाईने सुईदोऱ्यावर त्याला मोठे केले, तिचे नाव असे वैद्यकाच्या ग्रंथांत कायमचे राहिले.

१८३८ मध्ये मायलेक पॅरिसला आले. तेव्हा त्याला डॉक्टर नव्हे, लेखक व्हायचे होते. बाड काखेत मारून तो शार्ल नोदिए या त्या काळच्या नामवंत लेखकाकडे गेला. नोदिएने लिखाण पाहिले आणि दुसरा धंदा बघायचा सल्ला दिला. अशा नकाराची चव मलाही ठाऊक आहे. माझी पहिली कादंबरी तीन ठिकाणांहून साभार परत आली होती. मी हट्टाने लिहीत राहिलो, तो मुकाट्याने वैद्यक शिकायला गेला. आई मॉरिशसहून आलेल्या विद्यार्थ्यांना घरी ठेवून घेऊन खर्च भागवीत असे. मुलाची पदवी पाहणे तिच्या नशिबी नव्हते. ती गेल्यावर तो इतका खचला की शिक्षण सोडून काही काळ मॉरिशसला परतला. पदवी मिळाली ती १८४६ मध्ये.

जिवावर उदार

पदवीचा प्रबंध होता मज्जारज्जूवर. मज्जारज्जू अर्धाच कापला गेला तर त्याच बाजूची हालचाल जाते, पण वेदना आणि उष्ण-थंड कळण्याची जाणीव मात्र विरुद्ध बाजूची जाते, हे त्याने प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले. आजही पाठीच्या कण्याला जखम झालेला असा रुग्ण आला की डॉक्टर त्या लक्षणांना त्याचेच नाव देतात.

पण नाव झाले म्हणून पोट भरत नव्हते. १८५२ मध्ये फ्रान्समधले राजकारण पालटले आणि प्रजासत्ताकाचा हा कैवारी अमेरिकेला निघून गेला. तिथे फ्रेंचच्या शिकवण्या केल्या, पाच-पाच डॉलरवर बाळंतपणे केली. लग्न केले. १८५४ मध्ये मॉरिशसला कॉलऱ्याची साथ आली तेव्हा तिथे जाऊन रुग्णांची सेवा केली. अफूचा गुण येतो का हे पाहण्यासाठी त्याने रुग्णांची वांती स्वतः गिळली आणि वर अफू घेतली, असे त्याचे चरित्रकार लिहितात. व्हर्जिनियात शिकवत असताना कातडीचे काम काय असते हे पाहायला अंगभर व्हार्निश फासून घेतले. बेशुद्ध पडलेल्या गुरुजींचे व्हार्निश एका विद्यार्थ्याने खरवडून काढले म्हणून जीव वाचला, असे सांगतात. म्हणजे १८८९ चा तो प्रकार म्हातारपणचा चळ नव्हता. शंका आली की आधी स्वतःवर करून पाहायची, ही त्याची आयुष्यभराची खोड होती.

१८५६ मध्ये त्याने एक मोठी गोष्ट केली. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात. त्या काढून टाकल्या की प्राणी मरतो, हे त्याने दाखवले. या ग्रंथी काहीतरी रक्तात सोडतात आणि त्यावर जीव चालतो, हा विचार तेव्हापासून त्याच्या डोक्यात घोळत राहिला.

फेफरे आणि एक चुकीच्या कारणाचे औषध

त्याच दशकात तो अपस्माराकडे वळला. मज्जारज्जूला इजा केलेल्या गिनीपिगची मानेजवळची कातडी चिमटली की त्याला फेफऱ्यासारखे झटके येतात, असे त्याला आढळले. हे झटके पिल्लांतही उतरतात असा दावा त्याने केला, तो पुढे टिकला नाही. पण मेंदूला किंवा मज्जेला झालेली इजा आणि फेफरे यांचा संबंध प्रयोगशाळेत तपासता येतो, ही वाट त्याने मळवली.

१८६० च्या सुमारास तो लंडनला होता. क्वीन स्क्वेअर भागात पक्षाघात आणि अपस्माराच्या रुग्णांसाठी नवे रुग्णालय निघाले होते. आजीला झालेला अर्धांगवायू डोळ्यांसमोर पाहिलेल्या चँडलर भावंडांनी ते उभारले होते. ब्राऊन-सेकार तिथला पहिल्या फळीतला डॉक्टर. ह्यूलिंग्ज जॅक्सन या तरुणाला मेंदूच्या विकारांकडे वळवणाऱ्यांतही तो होता, आणि पुढे त्याच जॅक्सनने अपस्माराचे आधुनिक शास्त्र रचले.

तिथे रुग्णांना ब्रोमाइड दिले जाई. अपस्मारावरचे पहिले खरोखर गुणकारी औषध ते हेच, आणि त्याचा उगम मोठा मासलेवाईक आहे. १८५७ मध्ये लंडनच्या डॉक्टरांच्या एका सभेचे अध्यक्ष होते सर चार्ल्स लोकॉक, राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतितज्ज्ञ. अपस्मारावरचा निबंध वाचून झाल्यावर त्यांनी सांगितले की, पाळीच्या सुमारास झटके येणाऱ्या चौदा-पंधरा स्त्रियांना त्यांनी पोटॅशियम ब्रोमाइड दिले आणि एक सोडून बाकी साऱ्यांना गुण आला. ब्रोमाइडने कामवासना शमते आणि अशा बायकांचे झटके वासनेतूनच उपजतात, असा त्यांचा समज. समज साफ चुकीचा, औषध मात्र खरे. ब्रोमाइडने मेंदूच्याच पेशी शांत होत होत्या. पुढे ते पुरुषांनाही दिले गेले, त्यांनाही लागू पडले. ब्राऊन-सेकारने तर वेगवेगळ्या ब्रोमाइडांचे मिश्रण करून त्याचा प्रसार केला.

पण या गडबडीत मूळचे निरीक्षणच मागे पडले. काही स्त्रियांचे झटके महिन्याच्या ठरावीक दिवसांत का वाढतात? लोकॉक यांनी तो दोष बाईच्या शीलावर ढकलला, नंतरच्यांनी त्याकडे पाहणेच सोडले. दुर्दैव असे की आपल्याकडेही काही वेगळे घडले नाही.

कालनिर्णयवरचे टिंब

मी शाखेत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे एक हुशार मुलगी क्लार्क म्हणून लागली. महिन्यातून दोन-तीन दिवस ती रजा टाकायची, आणि शाखेत कुजबुज सुरू व्हायची. एकदा काउंटरवरच तिला फिट आली. कोणी कांदा शोधायला धावले, कोणी पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली. त्यानंतर तिच्या आईने मला बाजूला घेऊन सांगितले, साहेब, हिला हे बाराही महिने होत नाही, पाळीच्या आधी दोन दिवस होते. बाई चौथी शिकलेली. पण स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तिने दोन वर्षे टिंबे केली होती, पाळीला लाल आणि फिटला निळे. लाल आणि निळे जवळजवळ येत होते. दाखवले त्या डॉक्टरांनी योगायोग म्हणून सोडून दिले, असे ती सांगत होती. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी ते कॅलेंडर नीट पाहिले आणि औषधाची आखणी बदलली.

शेकडो ताळेबंद मी तपासले, पण इतकी चोख नोंद क्वचित पाहिली. ब्राऊन-सेकारने ते कॅलेंडर पाहिले असते तर तो खुर्ची ओढून बसला असता, असे मला वाटते.

रसातून निघालेले शास्त्र

आता पुन्हा १८८९ कडे येऊ. वृषणाच्या रसाने त्याला खरेच ताकद आली होती का? नाही. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात संशोधकांनी त्याच्याच कृतीने रस करून मोजमाप केले. पाण्यात काढलेल्या त्या रसात पुरुषी संप्रेरक नावापुरतेच होते. म्हाताऱ्याला जे जाणवले तो मनाचा खेळ. तो अप्रामाणिक मात्र नव्हता. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून पाहावे म्हणून तो हा रस त्यांना फुकट पाठवीत असे.

पण त्या चुकलेल्या प्रयोगाने दार उघडले. ग्रंथींचा रस देऊन उणीव भरून काढता येते, या कल्पनेवर लोक कामाला लागले. १८९१ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज मरे यांनी थायरॉईड मंदावलेल्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती बरी झाली आणि पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा पदार्थांना हॉर्मोन हे नाव दिले. आपण त्याला संप्रेरक म्हणतो. १९२९ मध्ये स्त्रीच्या अंडाशयातले इस्ट्रोजेन शुद्ध रूपात वेगळे काढले गेले, १९३४ मध्ये प्रोजेस्टेरॉन, १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन.

अंडाशयाच्या रसाचाही स्त्रियांना असाच उपयोग व्हावा, असे ब्राऊन-सेकारने सुचवले होते. पॅरिसमधल्या एका अमेरिकन स्त्री-डॉक्टरने तो काही स्त्रियांना देऊनही पाहिला. पण गाजावाजा झाला तो पुरुषाच्या तारुण्याचा. बाईच्या रसाची बातमी कोपऱ्यात राहिली.

लगाम आणि टाच

स्त्रियांच्या फेफऱ्यांकडे शास्त्राने नीट वळून पाहायला १९५९ उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत अपस्मार असलेल्या सोळा स्त्रियांना शिरेतून इस्ट्रोजेन देऊन मेंदूचे विद्युत आलेख काढले गेले. अकरा जणींच्या आलेखात फेफऱ्याची चिन्हे वाढली. १९७६ मध्ये स्वीडनच्या बेकस्ट्रोम यांनी काही स्त्रियांच्या रक्ताची महिनाभर तपासणी करून दाखवले की, प्रोजेस्टेरॉनच्या मानाने इस्ट्रोजेन चढले की झटके वाढतात.

सोप्या भाषेत सांगायचे तर मेंदूच्या पेशींना टाचही लागते आणि लगामही. इस्ट्रोजेन बहुधा टाच मारते. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत जो पदार्थ बनतो तो लगाम खेचतो. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन एकदम उतरते आणि लगाम सैल पडतो. काहींना महिन्याच्या मध्यावर, इस्ट्रोजेन उसळते तेव्हा त्रास होतो. काहींना स्त्रीबीज बाहेर न पडलेल्या महिन्यात. अपस्मार असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे एक तृतीयांश जणींत असा महिन्याचा ताल दिसतो. त्या आईच्या टिंबांत हेच शास्त्र होते.

मग पुरुषांचे काय? इस्ट्रोजेन ही काही फक्त बायकांची मालमत्ता नाही. पुरुषाच्या मेंदूतही टेस्टोस्टेरॉनपासून ते तयार होते. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात कॅथरीन वूली यांच्या प्रयोगशाळेने गेल्या दशकात दाखवले की, स्मरणाशी निगडित अशा मेंदूच्या भागात इस्ट्रोजेन नर आणि मादी उंदरांत पेशींना उत्तेजित करते खरे, पण दोघांत वेगवेगळ्या वाटांनी. एक वाट तर अशी सापडली की ती फक्त मादीत चालते. म्हणजे वरून परिणाम सारखा दिसला तरी आतली यंत्रणा निराळी. उद्या त्या वाटेवर औषध निघाले तर ते एकाला लागू पडेल, दुसऱ्याला नाही. याच प्रयोगशाळेने २०१६ मध्ये आणखी एक दाखवले. उंदरांत दीर्घ फेफरे सुरू झाले की मेंदू स्वतःच इस्ट्रोजेन बनवू लागतो, आणि ते बनणे रोखले तर फेफरे आटोक्यात येते.

तरी इस्ट्रोजेनला खलनायिका ठरवू नये. अंडाशय काढलेल्या मादी उंदरांना आधीच इस्ट्रोजेन दिले, तर फेफऱ्यानंतर मेंदूच्या पेशींची होणारी हानी कमी होते, असेही प्रयोग आहेत. मात्रा किती, वेळ कोणती आणि देह कोणाचा, यावर सारे अवलंबून.

डोक्याला मार लागल्यावरची गोष्टही अशीच. मेंदूला इजा झालेल्या काही मादी उंदीर नरांपेक्षा लवकर सावरतात, हे अमेरिकेच्या डोनाल्ड स्टाइन यांच्या लक्षात आले. श्रेय प्रोजेस्टेरॉनला गेले आणि आशा पालवली. पण माणसांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. एकीत ८८२ जखमी होते, दुसरीत ११९५. दोन्हींत प्रोजेस्टेरॉनचा फायदा दिसला नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांना संप्रेरके दिली तर पक्षाघात टळेल असेही वाटे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात उलट तो धोका वाढलेला आढळला. १८८९ चा धडा पुन्हा गिरवावा लागला. आशा वेगळी, पुरावा वेगळा.

अर्धी वही कोरी

या साऱ्याला इतका उशीर का झाला, याचे कारण ऐकून बँकेतला माणूस थक्क होईल. मादीच्या शरीरातले चढउतार हिशोबात गोंधळ करतात म्हणून संशोधक प्रयोगाला नरच घेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार मेंदूविज्ञानात फक्त नरांवरचे अभ्यास फक्त माद्यांवरच्या अभ्यासांच्या साडेपाचपट होते. खातेवहीची अर्धी पाने कोरी ठेवायची आणि वर ताळेबंद जुळला म्हणून सही करायची, अशातला हा प्रकार. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने २०१६ पासून नियम केला की, प्राण्यांवरच्या प्रयोगांतही नर-मादी हा भेद विचारात घ्यावाच लागेल.

आपल्या समाजाच्या वहीतही अशीच पाने आहेत. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारा अपस्मार हा लग्नाला अडसर म्हणून घातला गेला होता. तो शब्द १९९९ मध्ये काढला गेला. कायद्याने काढला, पण स्थळ बघणाऱ्यांच्या मनातून निघाला का? मुलाला फिट येत असेल तर लहानपणी डोक्याला लागले होते म्हणून सांगतात. मुलीला येत असेल तर ती बाहेरची बाधा, नाहीतर थेरं. एकोणिसाव्या शतकातल्या त्या राजवैद्यापेक्षा आपण फार पुढे आलेलो नाही.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना माझे सांगणे आहे. मुलीला फिट येत असेल तर कांदा-चप्पल बाजूला ठेवा. तिला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही सरकवा, तोंडात काही घालू नका. झटका पाच मिनिटांहून लांबला तर तडक रुग्णालय गाठा, कोल्हापुरात असाल तर सीपीआर आहेच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन रंगांची टिंबे करा आणि ते कॅलेंडर डॉक्टरांपुढे ठेवायला लाजू नका. अपस्माराच्या काही औषधांनी कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांचा गुण कमी होतो, आणि काही गोळ्यांनी अपस्माराच्या औषधाचा. व्हॅल्प्रोएटसारखे औषध गरोदरपणात बाळाला अपाय करू शकते. हे सारे लग्नाआधी आणि दिवस राहण्याआधी बोलायचे विषय आहेत. औषध मात्र आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नये.

ब्राऊन-सेकारला शेवटपर्यंत स्वस्थता लाभली नाही. लंडन, हार्वर्ड, पॅरिस अशी कितीतरी ठाणी त्याने बदलली. दोन बायकांशी संसार मोडला किंवा मृत्यूने तोडला, मग त्याने तिसरे लग्न केले. १८७८ मध्ये क्लॉद बर्नार यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाच्या रिकाम्या झालेल्या आसनावर त्याची निवड झाली. एप्रिल १८९४ मध्ये पॅरिसमध्ये त्याचा अंत झाला, तेव्हा तिसरी पत्नी त्याच्या आधीच गेली की नंतर, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. संप्रेरक हा शब्द मात्र त्याच्या हयातीत जन्मलाच नव्हता. मॉरिशसमधले मनोरुग्णांचे सरकारी रुग्णालय आज त्याच्या नावाने ओळखले जाते. त्या दारावर त्याच्या आईचेही आडनाव आहे.